बॉनेटचे चाळीस मिलिमीटर

६ जानेवारी

तीर्थस्वरूप ताईच्या ग्रीजलिप्त चरणी कनिष्ठ बंधूचा सविनय दंडवत.

फोनवर बोलण्याची तुझी तयारी नाही. इंजिनांनी कान नेले म्हणतेस. माझा फोन तर कंपनीच्या फाटकावरचा रखवालदार रोज सकाळी काढून घेतो आणि संध्याकाळी उपकार केल्यासारखा परत देतो. तेव्हा पत्रव्यवहार ही प्राचीन विद्या आपण दोघांनी पुनरुज्जीवित केली, यात कौतुकास्पद असे काही नाही. नाइलाज आहे.

नव्या पिकअपमध्ये कोणते इंजिन बसणार, असे तू विचारलेस. ‘थांबा, माझा भाऊच त्या कंपनीत आहे, कळलं की सांगते,’ असे आश्वासन तू गॅरेजात येणाऱ्या बावीस ड्रायव्हरांना देऊन बसली आहेस, हे वाचून माझी छाती अभिमानाने फुगली आणि तत्क्षणी भीतीने बसली. तुला वाटत असेल की गाड्या बनवणारे लोक इंजिन निवडतात ते एखादे स्थळ पारखावे तसे: ओढ किती, पितो किती, प्रकृती कशी, आणि संकटात पाठ दाखवतो की काय. एकोणतीस वर्षांपूर्वी मलाही असेच वाटत होते.

आमच्या निवड समितीपुढे दोन उमेदवार आहेत. एक आपले जुने लोखंडी इंजिन, तीस वर्षे अखंड सेवेत. त्याला मी ‘आजोबा’ म्हणतो. आजोबा बोजड आहेत, बोलतात मोठ्याने, धूर ओढल्याशिवाय त्यांना काम सुचत नाही. परंतु रस्त्यात बसून राहण्याचा निर्लज्जपणा त्यांनी कधी केला नाही. दुसरे इंजिन बाहेरच्या पुरवठादाराचे, नवे, हलके, धूर जवळपास नाहीच, आणि कागदावर ओढ वीस टक्क्यांनी अधिक. ते ‘जावईबापू’. त्यांना डिझेल सोवळ्यातले लागते, ऑइल विशिष्टच लागते, आणि रुसले तर समजूत घालायला पुरवठादाराच्या माणसाला लॅपटॉप घेऊन धावत यावे लागते.

आता निवड कशी झाली ते ऐक. आमच्याकडे एक तरुण डिझायनर आहे. मी त्याला रूपकार म्हणतो. त्याने गाडीचे नाक उतरते केले. बॉनेट चाळीस मिलिमीटरने खाली आले. संचालक त्या मातीच्या प्रतिकृतीभोवती तीन प्रदक्षिणा घालून म्हणाले, ‘उभी असली तरी धावतेय असं वाटतं.’ पिकअपने उभे असताना धावण्याची आवश्यकता नसून धावताना ओझे वाहण्याची आहे, असा शेरा मी फाइलीत लिहिला. तो शेरा अजून फाइलीतच आहे. नव्या बॉनेटमधून आजोबांचे मस्तक एकतीस मिलिमीटर बाहेर येते. अशा रीतीने लोखंड विरुद्ध पत्रा या वादात पत्र्याचा विजय झाला.

जावईबापू कसेबसे मावले, पण त्यांच्या डोक्यावरचा डिझेल फिल्टर मावेना. मला आज्ञा झाली. ताई, वामनाने तिसऱ्या पावलासाठी जागा शोधावी तशी मी एका दुपारात उजवीकडच्या सांदीत जागा शोधली. सबंध खोलीने टाळ्या वाजवल्या. शत्रूला आसन मीच दिले आणि त्या आराखड्यावर सहीही अशी वळणदार केली, की लग्नाच्या नोंदणीवरची तिच्यापुढे फिकी पडावी.

अद्याप अंतिम निर्णय नाही. चढावरच्या चाचणीनंतर मार्चमध्ये समिती बसेल आणि अहवाल मी लिहीन. जावईबापूंचे वस्त्रहरण करण्याची तेवढीच संधी मला उरली आहे. आजोबा निवडले गेले तर माझ्या हुद्द्याला अकरा वर्षे चिकटलेला ‘उप’ गळून पडेल, असेही वारे आहेत. उपमुख्य परीक्षण अभियंता! उपद्रव, उपहास आणि उपवास यांच्याच पंक्तीतला हा उपसर्ग.

तुझा,
पंडित


१५ जानेवारी

चि. पंडितास अनेक आशीर्वाद.

पत्र पोचलं. अर्धं मला समजलं. उरलेलं लेकीला वाचायला दिलं, ते तिलाही समजलं नाही, म्हणजे तू खुशाल आहेस.

आजोबांचं कौतुक मला सांगू नकोस. तुझे भावोजी होते तेव्हापासून सव्वीस वर्षं मी त्यांच्या पोटात हात घालतेय, त्यातली शेवटची नऊ एकटीने. दणकट आहेत, कबूल. पण तू त्यांना परीक्षागृहाच्या काचेमागून बघतोस. तिथे धूर नळीतून वर जातो. माझ्या शेडला नळी नाही, एक शटर आहे, आणि वारा उलटा असला की तेही ओढून घ्यावं लागतं.

माझी पद्धत तुला ठाऊक आहे. गाडी चालू करायची, मागे उभं राहायचं आणि वास घ्यायचा. कच्च्या डिझेलचा वास आला तर इंजेक्टर, जळक्या ऑइलचा आला तर रिंगा, गोडसर आला तर पाणी आत शिरलंय. निदान अजून चुकलेलं नाही. ड्रायव्हर मला डॉक्टरीणबाई म्हणतात. तुझ्या जावयाला धूरच नसेल तर माझी ही विद्या बुडेल. बुडू दे. विद्या बुडाली म्हणून कोणी मरत नाही.

तुला एवढंच विचारायचंय, की तुम्ही चढावर गाडी नेता ती किती जोरात? माझ्या बावीस जणांत एक बर्फवाला आहे. बर्फ भरून गोदामाच्या चढावर रांगेत दोन-दोन तास मुंगीच्या पावलाने सरकतो. इंजिन चालू, पुढून वारा नाही. कंपनीची गाडी असं करते का? का मोकळ्या रस्त्यावर भरधाव जाऊन येते आणि म्हणते, मी पास?

मी स्वतःही एक गाडी घेणार आहे, बंद पडलेल्या गाड्या ओढून आणायला. माझं सोड. पण बाकीचे माझ्या शब्दावर थांबलेत आणि मी तुझ्या. सही करताना शाई बघू नकोस, हे बावीस जण बघ.

ताई


११ फेब्रुवारी

तीर्थस्वरूप ताईस विजयोन्मत्त बंधूचा दंडवत.

जावईबापू कोसळले. एकदा नव्हे, दोनदा.

तुझ्या पत्रावरून बोध घेऊन (हे मी समितीत सांगितले नाही) मी चाचणीचा वेग कमी करवला. पाठीवर टनभर वाळूची पोती, चढाचा रस्ता, ताशी बारा किलोमीटर. एकशे चाळिसाव्या तासाला पहिली गाडी उसासा टाकून थांबली. आठ दिवसांनी दुसरी, एकशे बावन्नाव्या तासाला, त्याच वळणावर, त्याच उसाशानिशी. याच इंजिनाने परीक्षागृहात हजार तास शिंकेविना काढले होते. वर्गात पहिला आणि व्यवहारात शून्य, अशी मुले असतात, तसेच इंजिन.

पुरवठादाराचा माणूस लॅपटॉप घेऊन अवतरला. दोन तास पडद्याकडे पाहून म्हणाला, तुमचे डिझेल घाण आहे. मी डिझेल काचेच्या भांड्यात धरून त्याच्या नाकाशी नेले. इतके निर्मळ, की मोह आवरावा लागला. नंतर त्याने चालकाला दोष दिला, मग चढाला. चढ आमच्या कंपनीच्या आधीपासून तिथे आहे, हे मी नोंदवून ठेवले.

माझे निदान स्पष्ट आहे: उच्च दाबाचा पंप दुर्बळ. अहवालाचा मसुदा तयार आहे. काल संचालकांनी अकरा महिन्यांत प्रथमच विचारले, ‘म्हणजे आजोबांसाठी बॉनेट वर घ्यावं लागेल का?’ (मी ठेवलेले टोपणनाव त्यांच्या जिभेवर बसले आहे!) रूपकाराचा चेहरा ओल्या मातीच्या प्रतिकृतीला अंगठा लागावा तसा झाला. ‘उप’ चांगलाच सैल झाला आहे, ताई. पुष्कळ वर्षांनी मी जेवताना गुणगुणलो, असे घरातून कळले.

सोबत त्या दोन गाड्यांपैकी एकीचा पंप पाठवतो आहे. तो फाटकाबाहेर नेणे सर्वथा नियमबाह्य असल्यामुळे माझ्या लोकरी मोज्यात गुंडाळून, डब्याच्या पिशवीतून काढला. उघडून पाहा आणि दोन ओळी लिहून दे. निकाल काय असणार हे मला ठाऊकच आहे. फक्त तो सव्वीस वर्षे पंप उघडणाऱ्या हाताचा हवा. अहवालास शोभा येईल.

विजयाच्या उंबरठ्यावरून,
पंडित


२० फेब्रुवारी

चि. पंडितास आशीर्वाद.

पंप मिळाला. मोजाही. त्याच्या टाचेला भोक आहे. तुझ्या बायकोला बोल लावणार नाही, सुई तुलाही धरता येते.

पंप लेकीने उघडला आणि मी शेजारी बसून पाहिला. आतला दट्ट्या घासून त्याला चरे पडलेत. त्याचा कीस पुढे इंजेक्टरांत गेला, ते अडकले आणि गाडी थांबली. इथवर तुझं बरोबर. पण पंप दुबळा म्हणून घासला, हे मी लिहून देणार नाही. कारण ते खोटं आहे.

आत रबराच्या तीन रिंगा आहेत. दोन माझ्या कानाच्या पाळीसारख्या मऊ आहेत. तिसरी, जिथून डिझेल आत शिरतं तिथली, नखासारखी कडक झालीय. वाकवली तर दोन तुकडे झाले. तुकडे पाठवतेय. आता तू शिकलेला आहेस, तूच सांग. पंप स्वतःच्या दोषाने तापला असता तर तिन्ही रिंगा सारख्या भाजल्या असत्या. तोंडाशीच का भाजलं? ताप आतून आलेला नाही, पंडित. पंप तो बाहेरून प्यायलाय. डिझेल फार तापलं की पाण्यासारखं पातळ होतं, त्याचा बुळबुळीतपणा जातो आणि या पंपाला दुसरं वंगण नाही. तो त्या डिझेलवरच जगतो.

परीक्षागृहात हजार तास चाललं आणि गाडीत दीडशे तासांत मेलं. मधल्या काळात इंजिनाचं काय बदललं? काही नाही. घर बदललं. म्हणून एकच विचारते. पहिल्या पत्रात ज्याच्यासाठी टाळ्या घेतल्यास तो फिल्टर नक्की कोणत्या सांदीत बसवलायस? त्याच्या शेजारी कोण राहतं?

ताई


२४ फेब्रुवारी

ताईस नमस्कार.

शेजारी एक्झॉस्टचा पाइप राहतो. मध्ये पत्र्याचा आडोसा आहे. अंतर बासष्ट मिलिमीटर असून ताशी साठच्या वेगाला तिथे पुरेसा वारा पोचतो, हे गणिताने सिद्ध झालेले आहे. गणित माझेच आहे आणि त्यावर कोणी आक्षेप घेतलेला नाही. रबराच्या एका रिंगेवरून एकोणतीस वर्षांच्या अनुभवाला आरोपीच्या पिंजऱ्यात उभे करणे ही गॅरेजची पद्धत असेल, शास्त्राची नाही.

मला दुःख आहे ते निराळेच. जावयाकडे तुझा ओढा आरंभापासून दिसत होता. त्याचे कारण परवा उमगले. पुरवठादाराच्या माणसाने सहज बोलता बोलता नव्या इंजिनाच्या सेवाकेंद्रांची यादी दाखवली, तीत तुझ्या गॅरेजचे नाव आहे. हे मला त्या लॅपटॉपधारी गृहस्थाकडून कळावे? सख्ख्या भावाला तू एवढेही सांगितले नाहीस. आता तुझा निकाल मी कोणत्या तराजूत तोलावा, ते तूच सांग.

अहवाल मी लिहिला आहे तसाच जाईल. समितीची बैठक अठरा मार्चला आहे.

पंडित


८ मार्च

मामा,

हे पत्र आईच्या नकळत लिहितेय, तेव्हा उत्तर घरी पाठवू नकोस. तुझं पत्र तिने वाचलं, घडी केली, हत्यारांच्या खणात ठेवलं आणि त्या दिवशी एका ड्रायव्हरवर विनाकारण ओरडली. त्यानंतर त्या विषयावर एक शब्द नाही. तू पत्राची वाट बघत असशील तर बघू नकोस.

सेवाकेंद्रासाठी अर्ज आईने नाही, मी केला. तिला यादी लागल्यावर कळलं आणि माझं डोकं खाल्लंन तिने. अर्ज केला कारण केंद्राला कंपनी धूर बाहेर ओढून नेणारी नळी बसवून देते. आपल्या शेडला ती हवी आहे.

दिवाळखोर बुद्धीचा भाऊ आहे माझा, असं ती तुला लाडाने म्हणते, पण मला आज राग आलाय म्हणून सगळं सांगते. आईचे कान ठणठणीत आहेत. पलीकडच्या गल्लीतल्या गाडीचा टायमिंगचा आवाज तिला इथे बसून कळतो. फोन ती घेत नाही कारण दोन वाक्यांनंतर तिला खोकला येतो, आणि तो तुला ऐकू जायला नको. डिसेंबरात डॉक्टरांनी तिला यंत्रात फुंकायला लावलं. फुप्फुसं दोन तृतीयांशही भरत नाहीत. जुन्या गाड्यांच्या धुरापासून लांब राहा म्हणाले. आईने कागद बघितला आणि त्यांनाच म्हणाली, ‘कॉम्प्रेशन कमी झालंय, एवढंच ना.’ अजूनही प्रत्येक गाडीच्या मागे जाऊन उभी राहते. वास घेतल्याशिवाय निदान करत नाही.

तुझा आजोबा तिला आवडत नाही असं तुला वाटतं. आवडतो रे. म्हणूनच तर त्याच्यामागे सव्वीस वर्षं उभी आहे.

तू काय करायचं ते मी सांगणार नाही. फक्त ती रिंग मीपण हातात घेतली होती. ती खोटं बोलत नाहीये.

तुझी भाची


२१ मार्च

तीर्थस्वरूप ताईस दंडवत.

सेवाकेंद्राविषयी लिहिलेले वाक्य मी मागे घेतो. जिथून ते निघाले तिथे आता लाजेने जागा व्यापली आहे, तरी दाटीवाटीने घेतो. ‘का’ ते विचारू नकोस.

दहा तारखेला मी तापमापक घेऊन स्वतः गाडीत बसलो. फिल्टरमधून निघणाऱ्या डिझेलात त्याचे टोक सोडले आणि चालकाला म्हटले, बर्फवाल्यासारखी चालव. त्याला बर्फवाला ठाऊक नव्हता. मी समजावून दिला. मोकळ्या रस्त्यावर पारा शहाण्यासारखा वागला. माझे गणित तिथे शंभर टक्के खरे आहे. चढावर मुंगीची गती धरली, वारा थांबला, आणि अर्ध्या तासात डिझेल चौऱ्याण्णव अंशांवर गेले. त्या आडोशाच्या पत्र्याने ताप अडवला नाही, साठवला. मी साठच्या वेगाचे गणित केले होते, कारण आमच्याकडे फिल्टरचे गणित साठच्याच वेगाला करतात. का करतात, हे एकोणतीस वर्षांत मी विचारले नव्हते. विचारले असते तर उत्तर मलाच द्यावे लागले असते, कारण ती नियमावलीही मीच लिहिली आहे.

ताई, बैठकीच्या आदल्या दिवसापर्यंत माझ्या टेबलावर दोन अहवाल होते. एकात पंप अपराधी होता. तो सुंदर होता. त्यातला एकही आकडा खोटा नव्हता, फक्त एक आकडा नव्हता. त्याने आजोबा जिंकत होते, बॉनेट वर जात होते, रूपकार खाली जात होता आणि माझा ‘उप’ गळत होता. दुसरा अहवाल दीड पानी होता.

बैठकीत संचालक प्रसन्न होते. प्रारंभीच म्हणाले, पंपाचा प्रश्न स्पष्टच दिसतो, औपचारिकता उरकून घेऊ. पुरवठादाराचा माणूस मान खाली घालून लॅपटॉपची तार गुंडाळत होता. सहा जणांचे पेन उघडलेले. मी उभा राहिलो. भाषण पाठ केले होते, त्यात दोन सुभाषितेही होती. त्यांतले काही आठवले नाही.

‘पंप निर्दोष आहे,’ मी म्हणालो. ‘फिल्टर चुकीच्या जागी आहे. ती जागा मी शोधली.’

संचालक म्हणाले, ‘त्या दिवशी टाळ्या तुम्हीच घेतल्या होत्या ना?’

‘घेतल्या होत्या,’ मी म्हणालो. ‘परत करतो.’

कोणी हसले नाही. विनोद वाया जाण्याची मला सवय आहे, पण हा चांगला होता.

मग मी रिंगेचे दोन तुकडे टेबलावर ठेवले. फिल्टर पुन्हा इंजिनाच्या डोक्यावर न्यावा लागेल, तेवढ्यापुरते बॉनेट अठरा मिलिमीटर वर घ्यावे लागेल, तशा गाडीची चढावर सहाशे तास पुन्हा चाचणी व्हावी, आणि ती उत्तीर्ण झाल्यास जावईबापूंना नाकारण्याचे कारण माझ्यापाशी नाही, असे सांगितले. शेवटचे वाक्य उच्चारताना परीक्षागृहाकडे पाहणे मी टाळले. तिथे आजोबा मंचावर उभे होते. रूपकार गुरगुरला की माझ्या नाकावर गळू येईल. त्याच्या नाकावर नव्हे, गाडीच्या; पण आता तो दोहोंत भेद मानत नाही.

चाचणीस मान्यता मिळाली. ती माझ्या हातून काढून घेण्यात आली, हेही ओघाने आलेच. पंप फाटकाबाहेर कसा गेला, याची चौकशी लागली आहे. मोज्याचा उल्लेख मी टाळला आहे.

तुझ्या बावीस जणांना सांग, आणखी थांबा. का थांबायचे, हे विचारले तर सांग की माझा भाऊ गाढव आहे. ते तुझ्यावर विश्वास ठेवतात. याही वेळी ठेवतील.

तुझ्या कर्णेंद्रियांची काळजी घे.

पंडित


१४ नोव्हेंबर

तीर्थस्वरूप ताईस दंडवत.

पावसाळाभर तू दोन-दोन ओळींची कार्डे पाठवलीस, मी त्यांना चार-चार ओळींची उत्तरे दिली. आता सांगण्यासारखे काही आहे.

सहाशे तास पूर्ण झाले. सहाशे साठही झाले, कारण थांबवायची आज्ञा द्यायला कोणी जागेवर नव्हते. जावईबापूंनी चढावर मुंगीची पावले टाकली, पाठीवर टनाऐवजी दीड टन वाहिला आणि रुसले नाहीत. निवड झाली. पंधरा दिवसांत पहिल्या गाड्या बाहेर पडतील.

बॉनेटवर फिल्टरपुरता उंचवटा आला आहे. रूपकाराने चार महिने त्या उंचवट्याशी युद्ध केले, पाचव्या महिन्यात तह केला आणि सहाव्यात त्याला एक रेषा देऊन मधोमध आणले. संचालकांनी प्रतिकृतीभोवती पुन्हा तीन प्रदक्षिणा घातल्या. आता जाहिरातपत्रकाच्या पहिल्याच पानावर छापले आहे: ‘बॉनेटवरचा बलदंड स्नायू, अंतरीच्या शक्तीची साक्ष!’ ताई, तो स्नायू नाही. ती माझी चूक आहे, अठरा मिलिमीटर उंचीची, आणि आता ती प्रत्येक गाडीवर रंगवून मिळणार आहे. आपल्या अपराधाचे एवढे देखणे स्मारक हयातीत पाहण्याचे भाग्य थोड्यांना लाभते.

चौकशीचा निकालही लागला. पंप बाहेर नेल्याबद्दल ताकीद, आणि बदली. आता मी गाडीसोबत मिळणाऱ्या माहितीपुस्तिका लिहितो. हुद्दा: उपमुख्य, पुस्तिका विभाग. उपसर्गाने साथ सोडली नाही. खोलीला खिडकी आहे, पण ती जाहिरात विभागाच्या फलकाकडे उघडते. त्यावर स्नायूचे चित्र आहे. दिवसातून किमान चाळीस वेळा मी तो पाहतो आणि चाळीसही वेळा मला किंचाळावेसे वाटते. किंचाळत नाही. पुस्तिकेत अल्पविराम घालतो.

आजोबांचे उत्पादन या महिनाअखेर बंद. शेवटचे इंजिन मी पाहायला गेलो होतो. कोणी भाषण केले नाही. मीही नाही.

पंडित


५ डिसेंबर

चि. पंडितास अनेक आशीर्वाद.

गाडी आली. बर्फवाल्याची आली, माझी आली, दहा जणांच्या यायच्यात. जाहिरात वाचून बर्फवाला विचारत होता, डॉक्टरीणबाई, या स्नायूत काय आहे? म्हटलं, माझ्या भावाचं डोकं आहे. जरा उशिरा आलं, पण योग्य जागी आलं.

गाडीच्या समोरच्या खणात तुझी पुस्तिका मिळाली. नाव नव्हतं, पण एकेचाळिसाव्या पानावर ओळखली. ‘प्रदीर्घ मंदगती आरोहणानंतर इंधनगाळणीस हस्तस्पर्श करून तापमानाची प्रतीती घ्यावी.’ लेकीने दोनदा वाचलं आणि म्हणाली, मामाला यासाठी तरी शिक्षा व्हायलाच हवी होती. मग मी ड्रायव्हरांसाठी त्या पानावर मराठीत लिहून ठेवलं: चढ चढून आलात की फिल्टरला हात लावून बघा. त्यातल्या निम्म्या लोकांनी पुस्तिका उघडली नसती. आता माझं अक्षर आहे म्हणून उघडतात.

काल बर्फ भरलेली गाडी मी स्वतः गोदामाच्या चढावर नेली. दोन तास रांगेत होते. वर पोचल्यावर उतरून सवयीने मागे जाऊन उभी राहिले. वासच येईना. तिथे तशीच उभी होते तर मागचा हॉर्न वाजवायला लागला, बाई गाडी बंद पडली का म्हणून. मग पुढे आले, बॉनेट उघडलं आणि घेतली तुझी ती प्रतीती. कोमट आहे. हात ठेवून उभं राहता येतं.

शेडमध्ये नळी बसलीय. तुला पत्र कोणी लिहिलं ते मला मार्चमध्येच कळलं होतं. ‘कर्णेंद्रियांची काळजी घे’ असं वाकडं वाक्य तू उगाच लिहिणार नाहीस. तिला मी काही बोलले नाही, तूही बोलू नकोस. जुन्या गाड्या आता लेक बघते, तोंडाला पट्टी बांधून. मी नव्या बघते. फुंकायच्या यंत्रात परवा पुन्हा फुंकलं. फार वाढलं नाही, पण घसरलंही नाही. या वयाच्या इंजिनाला तेवढं पुष्कळ.

मोजा परत पाठवतेय. धुतलाय, आणि टाच रफू केलीय. ग्रीजचा डाग गेला नाही, तो राहू दे.

या रविवारी फोन कर. मधेच खोकले तर थांब, मग पुढे बोल. ऐकू येतं मला.

ताई